सहज कोणाकडे जायचं असेल तर इंग्रजीत काय म्हणायचं?

सहज भेटायला जाण्यासाठी ड्रॉप इन, ड्रॉप बाय, कम ओव्हर यांतलं कुठे काय वापरायचं, असं तुम्ही विचारलंय. मी यात एकदा तोंडावर पडलोय. एका सहकाऱ्याला फोनवर म्हणालो, 'आय विल ड्रॉप ऑफ ॲट युवर प्लेस.' तो म्हणाला, ये की, गादी घालून ठेवतो! ड्रॉप ऑफ म्हणजे डुलकी लागणे, नाहीतर कुणाला कुठे सोडणे. मला म्हणायचं होतं ड्रॉप इन.

ड्रॉप इन म्हणजे जवळजवळ आपलं 'टपकणे'. पण 'हा कुठून टपकला!' यात जी कुरकुर आहे, ती तिकडे नाही. 'ड्रॉप इन एनी टाइम' असं अगदी अगत्यानं म्हणतात. खरी मेख पुढच्या शब्दात आहे. माणूस असेल तर ऑन, जागा असेल तर ॲट: 'वी ड्रॉप्ड इन ऑन हर', पण 'वी ड्रॉप्ड इन ॲट हर ऑफिस'. हा ऑन आपल्याकडून हमखास गळतो. ड्रॉप बायला ही कटकट नाही, 'आय विल ड्रॉप बाय युवर ऑफिस', झालं.

दुसरीकडे कुठे निघालोय आणि जाता जाता तुमच्याकडे थांबायचंय, तर स्टॉप बाय किंवा स्विंग बाय. स्विंग बाय अमेरिकन वळणाचं. ब्रिटिश माणूस पॉप इन, पॉप राउंड म्हणेल. पॉपमध्ये पाच मिनिटांचं डोकावणं असतं (मग माणूस तासभर का बसेना).

कम ओव्हर मात्र घरी येण्यासाठी, आणि ते आधी ठरवून बोलावतानाही चालतं: 'कम ओव्हर ऑन सॅटर्डे.' समोरच्याकडे जायचं असेल तरी 'कॅन आय कम ओव्हर?'च, मराठीत 'येऊ का?' विचारतो तसंच. तिसऱ्याकडे जायचं असेल तर गो ओव्हर. इथे मराठी कान दगा देत नाही.

आजारी किंवा एकट्या माणसाची खबर घ्यायला जाणं म्हणजे लुक इन ऑन. कॉल ऑन जुन्या वळणाचं, औपचारिक. मित्राला म्हणालात तर तो बिचकेल.

ऐनवेळी काहीच सुचलं नाही तर 'कॅन आय ड्रॉप बाय?' म्हणा. पुढे काही जोडलं नाही तरी वाक्य पुरं होतं.