शाळेची सायकल, रविवारची फेरी आणि शहराचा रस्ता

गेल्या काही आठवड्यांत सायकलीविषयी आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. एकाच विषयावर अनेकांनी लिहिले असेल, तिथे एक प्रातिनिधिक पत्र थोडक्यात दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. शाळा घरापासून सुमारे अडीच किलोमीटरवर आहे आणि व्हॅन सोडून सायकलने जाण्याचा तिचा आग्रह आहे. मी स्वतः शाळेत सायकलनेच जात असे, पण तेव्हाचा कर्वे रस्ता वेगळा होता. तिच्या आजीचा ठाम विरोध आहे. तिला पाठवावे का? पाठवायचे तर कोणती काळजी घ्यावी?
— एक आई, कर्वेनगर, पुणे

उत्तर : पाठवावे असेच माझे मत आहे. मात्र आजींची भीती अनाठायी नाही, आणि ती नेमकी कशाची आहे हे समजून घेतले तरच तिच्यावर उपाय करता येईल. सायकल चालवणे हे मुळात धोक्याचे काम नाही. धोका आहे तो शेजारून जाणाऱ्या वाहनांच्या वेगाचा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते, तर ताशी ५० किलोमीटरने जाणारी जवळजवळ १४ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चालकाला दीड सेकंद लागतो असे धरले, तर पहिली मोटार तेवढ्या अवधीत १२ मीटर आणि दुसरी २१ मीटर अंतर कापते. ब्रेक त्यानंतर लागू होतो. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ५० च्या वेगाचा आघात ३० च्या वेगापेक्षा पावणेतीन पटींहून अधिक असतो. रस्ते सुरक्षेविषयीच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहने एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर असावा, असे म्हटले आहे ते याच कारणाने. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ७० आणि मोटारसायकलींसाठी ६० ही कमाल मर्यादा आहे. ती आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि शाळांच्या परिसरात तो निःसंकोच वापरला गेला पाहिजे.

हे सांगण्याचे कारण असे, की मार्ग निवडताना अंतरापेक्षा वाहनांचा वेग पाहावा. कर्वे रस्त्याने सरळ जाण्यापेक्षा आतल्या गल्ल्यांनी अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी तोच मार्ग घ्यावा. मोठा रस्ता ओलांडणे टळत नसेल तर तो सिग्नलच्या चौकातच ओलांडावा, आणि सुरुवातीचे काही महिने तरी सायकलवरून उतरून, ती हातात धरून, पादचाऱ्यांबरोबर पलीकडे जावे. एकेरी वाहतुकीचा नियम सायकलीलाही लागू आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे लागते. वळसा वाचवण्यासाठी उलट दिशेने जाण्याची सवय एकदा लागली की ती सुटत नाही, आणि कोपऱ्यावरून डावीकडे वळणाऱ्या चालकाला समोरून सायकल येईल अशी अपेक्षाच नसते.

रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचे, पण अगदी कडेला चिकटून जायचे नाही. तिथे वाळू, जाळ्या आणि खचलेली झाकणे असतात, आणि कडेला चालणाऱ्या मुलाला वाहनचालक अधिकच दाबत नेतात. उभ्या मोटारींपासून निदान एक मीटर अंतर ठेवावे, कारण अचानक उघडलेले दार चुकवायला वेळच मिळत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिग्नलला थांबलेल्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला शिरू नये. तिथली सायकल चालकाला आरशात दिसेलच असे नाही, आणि बस डावीकडे वळू लागली की मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आत येते. बसच्या मागे थांबायचे, हा एक नियम मुलीने कायमचा पाळला तरी आजींची निम्मी काळजी मिटावी.

प्रत्यक्ष सराव असा करावा : एखाद्या रविवारी सकाळी तिच्याबरोबर संपूर्ण मार्गाने जाऊन यावे आणि मग शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळी. आपण तिच्या मागे, किंचित उजवीकडे राहावे, म्हणजे मागचे वाहन आधी आपल्याला वळसा घालेल. ती स्वतःहून मागे वळून पाहते आहे, हाताने इशारा करते आहे आणि मगच बाजू बदलते आहे, असे सातत्याने दिसू लागले की आपण मागे राहणे थांबवावे. तारीख आधी ठरवू नये. सायकलीला पुढे-मागे दिवे, घंटी, मडगार्ड आणि दप्तरासाठी मजबूत कॅरिअर हवे. जड दप्तर पाठीवर घेऊन तोल सांभाळणे कठीण जाते. पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी पत्रे निसरडे होतात, आणि रिमवर घासणारे ब्रेक ओले झाल्यावर उशिरा लागतात, म्हणून त्या दिवसांत दहा मिनिटे आधी निघावे.

त्याच परिसरातून त्याच शाळेत जाणारी आणखी मुले असतील तर पालकांनी मिळून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या थांब्यांवरून मुलांना गोळा करत जाणारी सायकलींची रांग सुरू करावी, पुढे एक पालक आणि मागे एक. बार्सिलोनात २०२१ पासून अशा ‘सायकलबस’ रूढ झाल्या आहेत. एकटी मुलगी वाहनचालकाच्या नजरेतून सुटू शकते, पण दहा मुलांची रांग सहसा सुटत नाही.

प्रश्न : आम्ही पंचवीस-तीस जण दर रविवारी पहाटे गंगापूर धरणाच्या दिशेने सायकल फेरी काढतो. आमच्यापैकी काहीजण पंढरपूरच्या सायकल वारीलाही जातात. हल्ली फेरीत नवी माणसे, विशेषतः महिला, येऊ लागल्या आहेत, पण दोन-तीन वेळा येऊन त्या थांबतात. शिवाय वाहनचालकांशी वाद होतात. काय बदलावे?
— फेरीचे संयोजक, नाशिक

उत्तर : दोन्ही अडचणींचे मूळ बहुधा वेगातच आहे. अनुभवी मंडळी पुढे निघून जातात, नवखे मागे एकटे पडतात, आणि लांबलेली विस्कळीत रांग ओलांडताना वाहनचालक वैतागतो. फेरीचा वेग सर्वांत मागच्या माणसाने ठरवला पाहिजे. दहा-बारा जणांच्या तुकड्या कराव्यात, दोन तुकड्यांमध्ये एखादी मोटार सहज सामावेल एवढे अंतर सोडावे, आणि प्रत्येक तुकडीला मार्ग माहीत असलेला एक आघाडीचा व पंक्चर काढता येणारा एक पिछाडीचा सायकलस्वार द्यावा. पिछाडीच्या माणसाने कोणालाही मागे टाकून पुढे यायचे नाही. ‘खड्डा’, ‘मागून गाडी’, ‘थांबतोय’ हे शब्द पुढून मागे आणि मागून पुढे मोठ्याने पोचवायचे. चौकात आडवे उभे राहून वाहतूक अडवू नये. वाहतूक थांबवण्याचे काम पोलिसांचे आहे, आणि मोठी फेरी असेल तर त्यांना आधी कळवून ते मागता येते. पहाटेच्या अंधारात निघत असाल तर मागचा लाल दिवा नसलेल्याला त्या दिवशी प्रेमाने परत पाठवावे. त्यात संकोच नको.

महिला का थांबतात, हे त्यांनाच विचारलेले बरे. तरीही सांगावेसे वाटते की साठ किलोमीटरचे लक्ष्य, महागड्या सायकली आणि घट्ट पोशाख यांमुळे कित्येक जणींना हे आपले काम नव्हे असे वाटते. महिन्यातून एक फेरी अशी ठेवा, की जी सात-आठ किलोमीटरचीच असेल, साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून, कॅरिअरच्या साध्या सायकलीवर येता येईल आणि भाजी बाजारात, वाचनालयात किंवा बँकेत जाऊन परत येईल. या फेरीतून आठवड्याच्या मधल्या दिवसांत सायकल वापरणारी माणसे तयार होतील. सामूहिक फेरीचे खरे मोल मला यातच दिसते. रविवारी शंभर जण एकत्र निघाले आणि सोमवारी त्यांतील एकही सायकल रस्त्यावर दिसली नाही, तर शहरात काहीच बदलत नाही.

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते दुपारी २ पर्यंत मोटारींना बंद असतात. गुरुग्राममध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘राहगिरी’ हा मोटारमुक्त रस्त्याचा उपक्रम सुरू झाला. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो. अशा दिवसांमुळे लोकांना रस्त्याचे दुसरे रूप पाहायला मिळते. आपल्या गटाने याला आणखी एका कामाची जोड द्यावी. फेरीच्या वाटेवरील चाकाला समांतर बसवलेल्या गटाराच्या जाळ्या, बंद दिवे आणि पट्टे न मारलेले गतिरोधक यांची छायाचित्रांसह यादी करून ती दर महिन्याला विभागीय कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. गटाने सातत्याने दिलेले पत्र एकट्या नागरिकाच्या तक्रारीपेक्षा जास्त काळ टेबलावर राहते.

प्रश्न : सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगली

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधील सक्ती मोटारसायकलींसाठी आहे आणि पायडलची सायकल ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही. तरी डोक्याच्या इजेपासून त्याचा उपयोग होतो, म्हणून जरूर वापरावे. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे आणि हनुवटीखालचा पट्टा नीट लागावा. मात्र हेल्मेट नव्हते म्हणून अपघात झाला, असा युक्तिवाद कोणी करू लागला तर तो मान्य करू नये. धडक हेल्मेटमुळे टळत नाही.

प्रश्न : आमच्या दुकानासमोर सायकल मार्ग केला आहे. त्यावरून दिवसभरात मोजक्याच सायकली जातात. ग्राहकांना गाड्या लावायला जागा नाही आणि ही जागा रिकामी पडून असते. सायकलींचे दिवस संपले, हे मान्य करून महापालिकेने हा खर्च थांबवू नये का?
— एक व्यावसायिक, सातारा रस्ता, पुणे

उत्तर : आपली अडचण मी समजू शकतो, परंतु निष्कर्षाशी सहमत नाही. पुण्यात २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) मार्गाबरोबर सायकल मार्गही बांधले गेले. पुढे ते ठिकठिकाणी तुटले. कुठे मध्येच विजेचा खांब, कुठे उंच कडा, कुठे उखडलेले ब्लॉक, कुठे विक्रेते आणि लावलेल्या दुचाकी, आणि चौक आला की मार्गच गायब, जिथे सायकलस्वाराला त्याची सर्वाधिक गरज असते. मधला गाळा नसलेल्या पुलावरून किती माणसे गेली हे मोजून पुलाची गरज ठरवता येत नाही, तसेच या मोजणीचे आहे. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या योजनाही आल्या. पण सलग आणि सुरक्षित रस्ता नसताना आलेल्या त्या सायकली दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. माझ्या मते क्रमच उलटा झाला.

सायकलींचे दिवस संपले असे म्हणताना आपण ज्यांना पाहत नाही, त्यांचाही विचार करावा. पहाटे वर्तमानपत्रे आणि दूध टाकणारे, बांधकामावर जाणारे मजूर, रात्रपाळीचे पहारेकरी आणि शाळकरी मुले आजही सायकलीवरच आहेत. आपण दुकान उघडता तेव्हा त्यांची एक फेरी होऊन गेलेली असते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांच्या ने-आणीला महत्त्व दिले आहे. त्या न्यायाने सात-आठ उभ्या मोटारींची जागा ही केवळ त्यांच्या मालकांची जागा होऊ शकत नाही.

नेदरलँड्सकडे बोट दाखवले की ‘त्यांची संस्कृतीच वेगळी’ असे उत्तर मिळते. पण तिथेही युद्धानंतरच्या दोन दशकांत मोटारींसाठी रस्ते रुंद होत गेले आणि १९७१ या एका वर्षात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मरण पावली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभी राहिली, १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवल्या गेल्या, आणि त्यानंतरच्या दशकांत आजचे सायकल मार्ग बांधले गेले. ते रस्ते निर्णय घेऊन आणि पैसे खर्च करून घडवलेले आहेत.

आपल्या दुकानापुरते सांगायचे तर माल उतरवण्यासाठी ठरावीक वेळ, जवळच्या गल्लीत सशुल्क वाहनतळ आणि दुकानासमोर सायकली लावण्यासाठी कठडे, या तीन गोष्टींची मागणी व्यापारी संघटनेमार्फत करावी. मार्ग काढून टाकण्याची मागणी मात्र करू नये, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे सुरक्षारक्षक रात्रपाळी संपवून सायकलने घरी जात असताना मोटारीने धडक दिली आणि चालक निघून गेला. त्यांचा पाय मोडला आहे. सायकलीला दिवा नव्हता, त्यामुळे काहीच मिळणार नाही, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. हे खरे आहे का?
— सोसायटीचे सचिव, पिंपरी-चिंचवड

उत्तर : हे खरे नाही. अपघात करून पळालेले वाहन सापडले नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये भरपाई ठरलेली आहे. कायद्याच्या भाषेत हाड मोडणे ही गंभीर दुखापतच असते. या योजनेत जखमीची चूक किती हे पाहिले जात नाही. अर्ज त्या भागाच्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करावा लागतो. वाहन सापडले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे. कायद्याने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून वकिलांना लगेच भेटावे. तिथे दिवा नसल्याचा मुद्दा निघू शकतो आणि भरपाईची रक्कम काही अंशी कमी होऊ शकते, पण त्यामुळे दावाच संपुष्टात येतो असे नाही. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमींवर नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतात. त्यांच्यावर कुठे उपचार झाले आणि तिथे ही योजना लागू होती का, हेही विचारून घ्यावे.

सर्वांत आधी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आहे का ते पाहावे आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत घ्यावी. ती मिळवण्यासाठी त्यांच्यासोबत सोसायटीच्या कोणीतरी जावे. पहाटेच्या वेळचे आसपासच्या दुकानांचे आणि सोसायट्यांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती आजच करावी. ज्याने त्यांना रस्त्यावरून उचलले, त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. आपले नाव देण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, हे त्याला समजावून सांगितले तर तो आपणहून पुढे येण्याची शक्यता वाढते. रुग्णालयाची सर्व कागदपत्रे, क्ष-किरण चित्रे आणि बुडालेल्या पगाराचा सोसायटीने किंवा एजन्सीने दिलेला दाखला एका फाइलमध्ये ठेवावा. आणि ते पुन्हा कामावर येतील तेव्हा सोसायटीच्या सर्व सायकलस्वार कर्मचाऱ्यांच्या सायकलींना पुढे-मागे दिवे बसवून द्यावेत. तो खर्च किरकोळ आहे आणि सोसायटीनेच करावा.