०-३ ने मागे असलात तरी चौथ्या सामन्याला जाच

तुमचा बेसबॉल संघ प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) मालिकेत ०-३ ने मागे पडलाय, म्हणजे आणखी एक हार झाली की मालिका गेली, चौथ्या सामन्याची तिकिटं हातात आहेत आणि ती विकून टाकावीत का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात विकू नका.

१७ ऑक्टोबर २००४, रविवार. मी तेव्हा बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला शिकत होतो. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये आमचे रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्कचे यांकीज, मालिकेतला चौथा सामना. आदल्याच रात्री, त्याच मैदानावर यांकीजनी आम्हाला १९-८ असं धुऊन काढलं होतं. ०-३ वरून मालिका फिरवणं मेजर लीग बेसबॉलमध्ये तोवर कुणालाही जमलं नव्हतं. रेड सॉक्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, शेवटची जिंकली ती १९१८ साली. आम्हा चौघांपैकी दोघे आलेच नाहीत.

फेनवे १९१२ चं. लाकडी खुर्च्या इतक्या अरुंद की शेजाऱ्याचे गुडघे लागतात, मध्येच छताचे खांब. आमची जागा उजवीकडच्या ग्रँडस्टँडमध्ये होती. बॅटर बघायचा तर मान वाकडी करावी लागे, पण पहिला बेस, म्हणजे बॅटरने पळून गाठायचा पहिला टप्पा, मात्र स्वच्छ दिसत होता. त्या जागेचं नंतर सोनं झालं.

पहिल्या आठ इनिंग (एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी) सोडून देतो. नववी, शेवटची इनिंग. यांकीज ४-३ ने पुढे आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, मारियानो रिव्हेरा. सामना मिटवायला त्याच्या तोडीचा पिचर झालेला नाही, असं मी आजही मानतो. आमच्या केव्हिन मिलारला वॉक मिळाला, म्हणजे चार बॉल बाहेरचे पडल्यामुळे पहिला बेस फुकट. त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. जुलैअखेरीला डॉजर्स संघाकडून आलेला, बहुतेक वेळ बाकावर बसणारा. तो दुसरा बेस चोरायलाच आलाय हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं, रिव्हेरालासुद्धा. आपल्याकडे नॉन-स्ट्रायकर बॉल पडायच्या आधी क्रीझबाहेर सरकतो ना, तसा हा बेस सोडून पुढे सरकतो. फक्त इथे चक्क पुढचा बेस गाठायचा असतो, आणि तेव्हा पिचर त्याला बाद करायला हवं तितक्या वेळा वळून मागे बॉल फेकू शकत असे.

रिव्हेराने एकदा फेकला. रॉबर्ट्स मागे झेपावला. पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा तर जेमतेम वाचला. उठून त्याने छातीवरची माती झटकली आणि परत तेवढाच पुढे जाऊन उभा राहिला. टीव्हीवर हे कळत नाही, कारण कॅमेरा पिचर आणि बॅटरकडे असतो. मी मात्र नुसते त्याचे पाय बघत होतो. शेजारच्या आजोबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. आमची ओळखही नव्हती.

बॅटरला पहिलाच बॉल पडला आणि रॉबर्ट्स पळत सुटला. यांकीजचा कॅचर (आपला विकेटकीपर) पोसाडा, त्याचा थ्रो उत्तम होता. दुसऱ्या बेसवर बॉल झेलणाऱ्या जीटरचा हात खाली आला त्याच्या पापणीभर आधी रॉबर्ट्सचा हात बेसवर होता. सेफ! मग बिल मिलरने बॉल रिव्हेराच्या बाजूने सरळ मधून काढला, रॉबर्ट्स सगळे बेस पुरे करून होम प्लेटवर आला, एक धाव, ४-४. त्या क्षणी झालेला आवाज कानांपेक्षा पायाखालून जास्त जाणवला.

पुढे थंडीत तीन जादा इनिंग. बाराव्या इनिंगमध्ये मॅनी रामिरेझ बेसवर असताना डेव्हिड ओर्तिझने उजवीकडे होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला आणि ६-४ ने सामना संपला. घड्याळात रात्रीचे १ वाजून २२ मिनिटं. आजोबा रडत होते, मीही. पूल ओलांडून चालत घरी गेलो. नवरात्र चालू होतं, देवापुढचा दिवा अजून तेवत होता. आईला पुण्याला फोन लावला, पण तिला समजावताना पहिल्याच वाक्याला घसा दाटून आला.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचवा सामना होता. तो १४ इनिंग चालला, तोही ओर्तिझनेच संपवला. मग सहावा, सातवाही जिंकला, आणि पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये कार्डिनल्स संघावर ४-०.

तेव्हा जा. पहिला बेस दिसेल अशी जागा बदलून मिळत असेल तर घ्या. जाड जाकीट न्या, परतीची गाडी उशिराची ठेवा.