नियम कळतो, मग पाळला का जात नाही?

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. ‘ताईची वही ओढायची नाही’ असे तो स्वतःच म्हणून दाखवतो आणि लगेच वही ओढतो. सासूबाईंच्या मते तो लाडाने बिघडला आहे. शिस्त लावण्यात आम्ही कमी पडतो आहोत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण लिहिले आहे त्यावरून तरी तसे वाटत नाही. नियम सांगता येणे आणि ऐन वेळी हात आवरता येणे या दोन वेगळ्या क्षमता असून दुसरी मागाहून येते. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना चित्रांची कार्डे आधी रंगानुसार आणि मग आकारानुसार लावायला सांगितली होती. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना नवा नियम विचारल्यावर नीट सांगता येत होता, पण कार्ड हातात आले की ती ते जुन्याच नियमाने रंगाप्रमाणे ठेवत. चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना हा बदल जमतो.

मोह आवरणे, सूचना लक्षात धरून काम करणे, नियम बदलताच आपले वागणे बदलणे या क्षमतांना एकत्रितपणे एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. त्या मुख्यतः कपाळामागच्या मेंदूवर अवलंबून असतात आणि तीन ते पाच या वयात झपाट्याने वाढतात. मेंदूचा तो भाग पूर्ण परिपक्व व्हायला मात्र विशीचा मध्य उजाडतो. म्हणूनच या वयात मुलाला रागावून तोच नियम दहादा वदवून घेण्याचा फारसा उपयोग होत नाही, उलट भेदरलेल्या किंवा अपुरी झोप झालेल्या मुलाला स्वतःला आवरणे आणखी जड जाते.

त्याला स्वतःची एक वही द्या आणि एका वेळी एकच सूचना करा. ‘चिमणी उड, कावळा उड’ खेळताना ‘म्हैस उड’ म्हटल्यावर बोट खालीच ठेवायचे असते. हात आवरण्याचा याहून आनंदाचा सराव मला ठाऊक नाही, आणि तो सासूबाईही घेऊ शकतील. भातुकलीलाही भरपूर वेळ द्या. खेळातल्या भूमिकेचे नियम पाळताना मूल आपल्या तात्कालिक इच्छेला मुरड घालते, असे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी १९३०च्या दशकात मांडले होते. दुकानदार झालेले मूल समोरचा खाऊ स्वतः न खाता गिऱ्हाइकाला देते, हे आपणही पाहिले असेल.

सहाव्या वर्षीही तो बरोबरीच्या मुलांपेक्षा बराच मागे वाटला, किंवा आताच बोलण्यात वा ऐकण्यात अडचण दिसली, तर बालविकासतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.