वाचकांचे प्रश्न: ईमेलचा पत्ता दोन-दोन ठिकाणी का शोधायचा?

प्रश्न: मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. मेलसाठी थंडरबर्ड वापरते. माझं स्वतःचं ॲड्रेस बुक आहे आणि कॉम्प्युटर विभागाने संस्थेची डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यांच्या पत्त्यांची सामाईक यादी, पण जोडून दिलीय. पण 'टू'मध्ये नाव टाईप केलं की कधी माझ्याकडचं नाव येतं, कधी डिरेक्टरीतलं, कधी एकच माणूस दोनदा. आणि डिरेक्टरी उघडली तर रिकामीच! एक सहकारी म्हणते सगळी डिरेक्टरी आपल्या ॲड्रेस बुकमध्ये उतरवून घे, कटकट नको. घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही, ते मात्र करू नका ताई. आधी रिकामीचं सांगते. डिरेक्टरी तुमच्या मशीनवर नसतेच, ती सर्व्हरवर, म्हणजे संस्थेच्या मुख्य कॉम्प्युटरवर असते आणि आपण विचारलं तरच उत्तर देते, न विचारता उघडली तर दाखवायला काहीच नसतं. त्या शोधबॉक्समध्ये आडनावाची तीन-चार अक्षरं टाका, नावं येतील. ह्या विचारण्याच्या पद्धतीला एलडॅप म्हणतात. 1988 साली अशा डिरेक्टरींसाठी एक्स-500 नावाचं भलंमोठं स्टँडर्ड आलं होतं, साध्या पीसीला ते झेपत नव्हतं म्हणून 1993 च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात त्याचं हलकं रूप तयार झालं, तेच आजही चालू आहे.

आता दोन्हीकडे एकदम शोधायचं. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये 'कंपोझिशन'मध्ये जा, तिथे खाली 'ॲड्रेसिंग' आहे, त्यात 'लोकल ॲड्रेस बुक्स' आणि 'डिरेक्टरी सर्व्हर' अशा दोन टिका आहेत, दोन्ही लावा आणि डिरेक्टरी सर्व्हरसमोर तुमच्या संस्थेची डिरेक्टरी निवडा. झालं, 'टू'मध्ये दोन्हीकडची नावं एकाच यादीत येतील. (क्लासिक आऊटलुकवाल्यांना ॲड्रेस बुकच्या ऑप्शन्समध्ये आधी कुठे बघायचं तो क्रम ठरवता येतो.)

पण उतरवून का घ्यायचं नाही, तर कोणी रिटायर झालं, बदली झाली, पत्ता बदलला की डिरेक्टरीत कोणीतरी तो दुरुस्त करतं, तुमच्या कॉपीत कोण करणार? मग जुना आणि नवा दोन्ही पत्ते समोर येतात आणि घाईत जुनाच निवडला जातो. मला मनापासून वाटतं की शोध एकत्र हवा पण साठा वेगळाच राहायला हवा, आणि मेलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी कुठलं नाव कुठून आलंय हे सरळ नावाशेजारी दाखवायला हवं. थंडरबर्डमध्ये ही सोय आहे पण लपवून ठेवलीय: सेटिंग्जमध्ये 'जनरल'च्या अगदी तळाशी 'कॉन्फिग एडिटर' आहे, त्यात 'मेल डॉट ऑटोकम्प्लीट डॉट कॉमेंटकॉलम' शोधा, 0 च्या जागी 1 टाका, मग नावापुढे ते कुठल्या बुकातलं आहे तेही दिसायला लागतं.

एकच माणूस दोनदा येतो त्याचं कारण बहुतेक वेळा 'कलेक्टेड ॲड्रेसेस' असतं. तुम्ही ज्यांना मेल पाठवता ते पत्ते थंडरबर्ड आपणहून तिथे टाकत जातो, चुकून टाईप केलेलेसुद्धा. ते बुक उघडून चुकीचे आणि जुने पत्ते काढून टाका, बराच गोंधळ तिथेच मिटेल. काढताना नाव बघू नका, ईमेल पत्ता बघा, कारण एका संस्थेत एकाच नावाचे दोन जोशी सहज असतात आणि नाव जुळलं म्हणून एक उडवला तर भलत्याच माणसाला पगाराचं पत्र जाईल.

अजून एक, तुमच्याकडची नावं लगेच दिसतात पण सर्व्हरची यायला क्षणभर लागतो, त्यामुळे पहिलं नाव दिसलं की लगेच एंटर मारू नका.

प्रश्न: डिरेक्टरीत माणूस आहे हे नक्की माहीत आहे, तरी सापडत नाही. असं का? (वरच्याच वाचक)

उत्तर: दोन कारणं नेहमीची. थंडरबर्ड डिरेक्टरीकडून मुळातच 100 पेक्षा जास्त नावं घेत नाही, आणि सर्व्हर ती अकारविल्हे देईलच असं नाही, तेव्हा नुसतं 'जोशी' टाकलं आणि संस्था मोठी असेल तर तुम्हाला हवे असलेले जोशी त्या 100 मध्ये नसतीलही. पहिलं नाव टाका. दुसरं स्पेलिंग. डिरेक्टरीत नावं बहुधा रोमनमध्ये असतात आणि दीक्षितांचं स्पेलिंग एकजण 'एक्स' घालून करतो, दुसरा 'के-एस-एच' घालून, सर्व्हरला ही दोन वेगळी आडनावं वाटतात. ज्यांना रोज मेल करता अशा मोजक्या लोकांची कार्डं मात्र स्वतःच्या बुकात जरूर ठेवा, आणि त्यात 'निकनेम'च्या रकान्यात तुम्ही मनात जे म्हणता ते लिहा, 'परीक्षा मॅडम' किंवा 'स्टोअरवाले काका', अगदी देवनागरीत. तेवढं टाईप केलं की तो पत्ता येतो. हे तुमचं खाजगी राहतं, डिरेक्टरीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि कॉम्प्युटर विभागाला एवढं जरूर विचारा की डिरेक्टरी 389 पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरशी बोलायच्या दाराचा नंबर) साधीच जोडलीय की 636 वर सुरक्षित कनेक्शनने. तुम्ही टाईप केलेली अक्षरं शोधासाठी सर्व्हरकडे जात असतात, साध्या जोडणीत ती वाटेत कोणीही वाचू शकतं. 636 चालत असेल तर डिरेक्टरीच्या प्रॉपर्टीजमध्ये सुरक्षित कनेक्शनची टीक लावली की पोर्ट आपोआप बदलतो.