प्रश्नोत्तरे : चार्ल्स राजा का हरला?

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धाबद्दल (१६४२–४६) येणाऱ्या पत्रांत एकच समजूत फिरून फिरून भेटते: पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेल आला आणि राजा हरला. म्हणून ही उत्तरे.

मुंबई आंदण मिळाली तो चार्ल्स हाच का?

नाही. तो याचा मुलगा, दुसरा चार्ल्स. लग्नाचा तह १६६१चा.

राजाला फाशी दिल्याचे साल कुठे १६४८, कुठे १६४९. खरे कोणते?

फाशी नव्हे, शिरच्छेद; ३० जानेवारी १६४९. तेव्हा तिकडे नवे वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून जुन्या कागदांत १६४८ दिसते. तारीख उतरवून घेण्याआधी संपादकाची टीप पाहा.

क्रॉमवेल नसता तर राजा जिंकला असता, असे क्लासमध्ये सांगतात.

क्लासमध्ये विचारा, पार्लमेंटने १६४५त उभारलेल्या नव्या लष्कराचा सरसेनापती कोण? टॉमस फेअरफॅक्स. क्रॉमवेल त्याच्या हाताखाली घोडदळाचा प्रमुख होता. मार्स्टन मूरच्या लढाईत (२ जुलै १६४४) त्याचे घोडदळ निर्णायक ठरले हे खरेच. पण त्याच वर्षी जानेवारीत सीमा ओलांडून पार्लमेंटच्या मदतीला आलेले सुमारे वीस हजार स्कॉट सैन्य गाइडवाले हटकून गाळतात.

उमदे सरदार, नामांकित घोडदळ असूनही राजाचे अडले कुठे?

पैशावर. लढायांच्या नकाशांइतकेच हिशेबही वाचा, असे कितीदा सांगायचे?

लंडन, मोठी बंदरे आणि आग्नेयेचा सधन मुलूख पार्लमेंटकडे होता. म्हणजे जकात त्यांची आणि कर्ज देणारे सावकारही त्यांचे. १६४३ साली त्यांनी परगण्यांवर साप्ताहिक कर बसवला आणि जुलैत बिअर, तंबाखूसारख्या मालावर अबकारी. लोकांनी शिव्या घातल्या, तरी वसुली झाली. आरमार १६४२च्या जुलैतच त्यांच्या हाती गेले होते, त्यामुळे हलसारख्या वेढलेल्या बंदराला समुद्रातून रसद मिळे आणि राजाची हॉलंडहून येणारी शस्त्रे वाटेत धरली जाण्याची धास्ती असे.

राजाकडे काय होते? सरदारांच्या देणग्या आणि ऑक्सफर्डच्या कॉलेजांची वितळवलेली चांदीची भांडी. भांडी एकदाच वितळतात. (१६४० साली ईस्ट इंडिया कंपनीची मिरी उधारीवर उचलून रोखीने तोट्यात विकणारा हा गृहस्थ!) कर त्यानेही बसवले, पण मुलूख लहान आणि आधीच तुडवलेला. शिवाय वसुली ठाण्याचा सरदार परस्पर आपल्या शिबंदीवर खर्च करी. १६४५त फौजांच्या जाचाविरुद्ध गावकरीच काठ्या घेऊन उठले.

नव्या लष्करात २२ हजार माणसे ठरली, त्यांतले १४,४०० पायदळ, रोज ८ पेन्स. पगार त्यांचेही थकत, पण राजाच्या फौजेइतके नाही. नेसबीच्या लढाईत (१४ जून १६४५) राजाकडे जेमतेम नऊ-दहा हजार माणसे, समोर सुमारे १४ हजार. राजाचा सेनानी रूपर्ट याचे घोडदळ समोरची फळी फोडून थेट सामानाच्या गाड्यांपर्यंत गेले आणि परतेपर्यंत पायदळ संपले. चार हजारांहून अधिक कैद झाले. पायदळ नव्याने उभारायला पैसा नव्हता; घोडदळाचा उतावळेपणा त्यानंतरचा मुद्दा.

एजहिलच्या लढाईनंतर राजा तडक लंडनवर का गेला नाही?

तेच तर! लढाई २३ ऑक्टोबर १६४२ला, आणि राजा लंडनच्या वेशीवर टर्नहॅम ग्रीनला पोहोचला १३ नोव्हेंबरला. तोवर लंडनकरांसह सुमारे २४ हजार माणसे आडवी उभी. तीन आठवडे घालवून तो मागे फिरला. तडक जाऊन शहर पडले असते का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. परीक्षेत ठाम विधान करण्याआधी मार्गदर्शकांशी बोला.

नेवार्कच्या वेढ्यातले ‘अस्सल’, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचे नाणे ऑनलाइन मिळते आहे. घ्यावे?

थांबा. १६४५–४६ साली वेढ्यातल्या राजपक्षीयांनी भांड्यांचे पत्रे कापून ३०, १२, ९ आणि ६ पेन्सची नाणी पाडली. त्यांच्या आजच्या प्रतिकृती ढिगाने विकल्या जातात आणि ‘प्रमाणपत्र’ विक्रेताच छापतो. वजन, धातू आणि पूर्वीच्या मालकीचे कागद स्वतंत्र नाणेतज्ज्ञाला दाखवा. तोवर आगाऊ रक्कमही देऊ नका.