अ‍ॅडव्हेंचर रेसिंगमध्ये आठ-दहा दिवसांच्या मोठ्या मोहीम-शर्यती हव्यातच कशाला? छोट्या शर्यतींवर हा खेळ चालणार नाही का?

तुम्ही लिहिलंय की प्राइमवर फिजीची इको-चॅलेंज ही मोहीम-शर्यत पाहिली आणि प्रश्न पडला: एवढा खर्च, एवढे हाल कशासाठी? सहा-आठ तासांत जे व्हायचं ते होत नाही का?

नाही होत. छोट्या शर्यतींतूनच माणसं तयार होतात, त्यांचं मोल मी अजिबात कमी करत नाही. पण नकाशा बघत पायी, सायकलवर आणि कयाकमधून संघाने मिळून अंतर कापायच्या या खेळाचे नियम आणि त्याची ओळख मोठ्या शर्यतींनीच घडवली.

1983 साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन जडकिन्स यांनी कोस्ट टू कोस्ट सुरू केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत 243 किलोमीटर, धावत, सायकलवर आणि कयाक या वल्ह्याच्या छोट्या होडीतून. जबरदस्त शर्यत आहे, पण वाट ठरलेली आणि बहुतेक स्पर्धक एकेकटे. 1989 मध्ये जेरार फ्युझील या फ्रेंच पत्रकाराने न्यूझीलंडमध्येच पहिली रेड गोलवाज ही मोहीम-शर्यत भरवली. (आपल्याकडच्या रेड दे हिमालयाशी गल्लत करू नका, ती मोटार रॅली.) पाच जणांचा संघ, त्यात बाई असलीच पाहिजे, इंजिनाचं वाहन चालणार नाही, आणि सगळे एकत्र पोचले तरच शर्यत पूर्ण. आज संघ चौघांचा असतो, पण मिश्र संघ आणि ‘सगळे किंवा कुणीच नाही’ हा नियम तिथूनच आला. एक जण गळाला तर उरलेले तिघे पुढे जाऊ शकतात, पण क्रमवारीत त्यांचं नाव लागत नाही.

आता दिवस जास्त का लागतात ते सांगतो. पहिले चोवीस तास तगडे संघ पुढे असतात, त्यात नवल नाही. खरी शर्यत तिसऱ्या रात्री सुरू होते. ट्रान्झिशन एरियात, म्हणजे सायकल सोडून पायी निघायचं किंवा पायी येऊन कयाक घ्यायची त्या जागी, पहाटे दोन-तीन वाजता काय चालतं बघा. बूट काढले की तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले, कडेने सोललेले. एक जण सायकल पेटीत बसवतोय, बोटं बधिर झाल्यामुळे पेडल सुटत नाहीये. दुसरी पाणी उकळतेय. तिसरा पुढच्या टप्प्याच्या नकाशावर रेघ ओढतोय आणि पेन हातात धरूनच पेंगतोय. जीपीएसला बंदी, हातात फक्त नकाशा आणि होकायंत्र. म्हणजे झोप सगळ्यात आधी कुणाला द्यायची? नकाशा ज्याच्याकडे, त्याला. तो चुकला तर चौघांचे सहा तास गेले. असा निर्णय सहा तासांच्या शर्यतीत घ्यावाच लागत नाही.

डार्क झोनचंही तसंच. खवळत्या नदीत रात्री उतरायला आयोजक बंदी घालतात. तुम्ही जीव तोडून पळालात आणि नदी बंद झाल्यावर पंधरा मिनिटांनी काठावर पोचलात, तर उजाडेपर्यंत बसून राहा. मागच्या संघाने हे ओळखून आधीच निवांत झोप काढलेली असते, आणि सकाळी तो ताजातवाना तुमच्या शेजारून पाण्यात उतरतो. मी घरबसल्या या शर्यतींचे ट्रॅकर, म्हणजे प्रत्येक संघ कुठे आहे ते ठिपक्याने दाखवणारे इंटरनेटवरचे नकाशे, बघतो, त्याला डॉट वॉचिंग म्हणतात. नकाशावर एखादा ठिपका तासभर हलत नाही, आणि ते झोपलेत, चुकलेत की कुणी आजारी आहे, याचा अंदाज बांधत जगभरची माणसं जागी असतात.

टीव्हीबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. टीव्ही निर्माता मार्क बर्नेट स्वतः रेड गोलवाजमध्ये उतरला होता. ती कल्पना घेऊन त्याने 1995 मध्ये अमेरिकेत, यूटामध्ये इको-चॅलेंज सुरू केली. जगाला हा खेळ तिने दाखवला हे निर्विवाद. पण 2002 च्या फिजीनंतर ती बंद पडली, ती थेट 2019 मध्ये पुन्हा फिजीतच झाली. (तीच तुम्ही पाहिलीत, ताशी आणि नुंगशी मलिक या डेहराडूनच्या जुळ्या बहिणींचा भारतीय संघ त्यात होता.) मधल्या सतरा वर्षांत खेळ जगला तो 2001 मध्ये जेफ हंट यांनी उभ्या केलेल्या अ‍ॅडव्हेंचर रेसिंग वर्ल्ड सिरीजमुळे. वेगवेगळ्या देशांतल्या मोहीम-शर्यती एका माळेत आल्या आणि त्यांच्या वर जागतिक अजिंक्यपद आलं. इक्वेडोर, ब्राझील, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणच्या आयोजकांनी आपापली शर्यत टिकवली म्हणून संघांना दरवर्षी धरून ठेवणारं काहीतरी उरलं. 2014 च्या इक्वेडोरच्या अजिंक्यपदात एक जखमी भटका कुत्रा स्वीडिश संघाच्या मागे लागला आणि शेवटपर्यंत आला, ती आर्थरची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल.

किंमतही मोजावी लागली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. 2000 साली बोर्निओतल्या इको-चॅलेंजनंतर स्पर्धकांना लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा आजार झाला. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 189 जणांशी संपर्क साधला, त्यातल्या 80 जणांना तशी लक्षणं होती. सेगामा नदीत पोहणं हे मोठं कारण निघालं, आणि ज्यांनी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक घेतलं होतं त्यांना त्याचा फायदा झाला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्या मुंबईकराला हे नवीन नाही, पण या खेळाला तो धडा तिथे मिळाला. 2004 मध्ये अमेरिकेतल्या प्रायमल क्वेस्ट या मोहीम-शर्यतीत वरून निसटलेला मोठा दगड लागून ऑस्ट्रेलियाचा स्पर्धक नायजेल ऑलेट गेला. सुरक्षेवर आयोजकाचा खर्च किती व्हायला हवा, हा माझ्या मते प्रवेश-शुल्कापेक्षा जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे. शुल्क संघामागे हजारो डॉलर असतं, त्यावर विमान आणि सायकलींचं भाडं, त्यामुळे आपल्याकडून फार कमी संघ जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्हाला स्वतः उतरायचं असेल तर पुण्याच्या एन्ड्युरो थ्री या छोट्या शर्यतीपासून सुरुवात करा. तिघांचा संघ, सह्याद्रीत सायकल आणि ट्रेक, शिवाय नदी पार करणं. त्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट, म्हणजे डोंगरांची उंची-उतार दाखवणारा नकाशा, घेऊन, मोबाइल सॅकमध्ये बंद ठेवून, ओळखीच्या डोंगरात रात्री वाट काढून बघा. जोडीला एक जाणकार माणूस ठेवा आणि पावसाळ्यात हा प्रयोग करू नका. ते जमायला लागलं की परदेशातल्या एखाद्या मोठ्या शर्यतीत आधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करा. ट्रान्झिशनला चार रात्री उभं राहून जे कळतं, त्यावर तुमचा संघ कसा निवडायचा ते ठरवता येईल.