बिनव्याजी कार्डाचे दिवस कधीपासून मोजतात ते आधी बघा

विट्याहून एका फोटोग्राफरचा मेसेज आलाय, आणि दसरा-दिवाळीला असले मेसेज ढिगानं येतात. तुळशीचं लग्न झालं की त्यांचा सीझन, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यावर कॅमेरा आणि लेन्स मिळून 1 लाख 80 हजारांची खरेदी करायचीय. ऑगस्टच्या सुरवातीला सांगलीत दुकानातच बँकेच्या पोरानं 'सहा महिने झिरो इंटरेस्ट' म्हणून क्रेडिट कार्ड करून दिलं, ते अजून वापरलेलं नाही. आता हेच वापरू का दुसरं घेऊ, आणि उद्या बँकेनं व्याज लावलंच तर केस टाकता येईल का, असं विचारतायत. सोबत ऑफरच्या पत्रकाचा फोटो.

कुठलं कार्ड चांगलं ते मला विचारू नका. तुम्हीच पाठवलेला फोटो मोठा करून शेवटची ओळ वाचा, 'कार्ड जारी झाल्यापासून 180 दिवस'. खरेदीपासून नाही ओ! म्हणजे कार्ड ड्रॉवरमध्ये पडून होतं तेव्हाही दिवस चालूच होते आणि जानेवारीअखेर सगळं संपतंय. नोव्हेंबरात घेतलं तर तुमच्या हातात जेमतेम दोन बिलं येतात. तुम्ही लिहिलंय की महिन्याला मिनिमम, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरत राहीन. दोन वेळा नऊ-नऊ हजार भरले तरी 1 लाख 62 हजार राहतात, आणि पत्रकातल्या 3.5 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 5,670, वर 18 टक्के जीएसटी 1,021 रुपये. हा हिशोब कार्ड घेतानाच करायचा होता, पण तेव्हा तुम्ही टॅबवर बोटानं सही करून मोकळे झालात.

दुसरं म्हणजे तो ओटीपी. '30 दिवसांनंतर फोन आला, ओटीपी दिला, कशाचा ते विचारलं नाही' असं तुम्हीच लिहिलंय. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे 30 दिवसांत कार्ड चालू केलं नाही तर बँकेला ओटीपीनं तुमची संमती घ्यावीच लागते, आणि ती दिली नसती तर सात कामाच्या दिवसांत कार्ड फुकटात बंद झालं असतं. ती संधी बहुतेक तुम्ही फोनवरच घालवली. अजून मेसेज असेल तर डिलीट करू नका, त्यात ओटीपी कशासाठी होता ते लिहिलेलं असतं.

आता करायचं काय, तर बँकेला ईमेल टाका, कस्टमर केअरला फोन नको. ऑफर नक्की कुठल्या तारखेला संपते, एखादा हप्ता उशिरा गेला तर ती रद्द होते का, आणि झाली तर व्याज उरलेल्या रकमेवर का खरेदीच्या दिवसापासून, एवढंच विचारा. लेट फी ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लावता येत नाही हे खरं, पण ऑफर टिकायला तीच सवलत मिळेल असं धरून चालू नका. उत्तर येईपर्यंत कॅमेरा घेऊ नका. हे कार्ड बंद करून नवं घेतलं तर ऑफर परत मिळेल का, ते त्या बँकेच्या अटींवर आहे. दुकानदार नो-कॉस्ट हप्ते पाडून देतो म्हणाला तर मुद्दल, व्याज आणि डिस्काउंट वेगवेगळं दाखवायला सांगा, ते दाखवणं कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे, आणि रोखीनं किंवा यूपीआयनं किती कमी करतो तेही विचारा, बऱ्याचदा डिस्काउंट तिथंच गायब झालेला असतो.

केसचं म्हणाल तर नुसतं 'व्याज फार आहे' एवढ्यावर आता फारसं काही होत नाही. वर्षाला 30 टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल सुप्रीम कोर्टानं 20 डिसेंबर 2024 ला रद्द केला. चुकीची माहिती देऊन कार्ड गळ्यात मारलं हा मुद्दा उरतो, पण त्याला कागद लागतो, पोरगा तोंडी काय बोलला ते कोण सिद्ध करणार? आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथं फी नाही. सांगलीच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, पण तारखांवर तारखा घेत किती वर्षं जातील ते मी छातीठोक सांगणार नाही. तोपर्यंत बँकेचं व्याज काही थांबत नाही. ईमेल आजच टाका, बँकेचं उत्तर आलं की त्याची प्रिंट आणि पत्रक घेऊन या, मग बघू.